पुण्यात कधीच न गायलेली पणजी

माझ्या शेजारीणबाईंची पणजी पुण्यात गायली होती, याचा जगात एकच पुरावा आहे, आणि तो म्हणजे मी. ती हकीकत मी एका शनिवारी सकाळी, कुंपणापाशी उभा राहून, हातात फेजोआंची पिशवी धरून, जागच्या जागी तयार केली.

एवढं लिहायला मला बरेच दिवस लागले. मी मुळात कमी बोलणारा माणूस. इथे न्यूझीलंडला, ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टन भागात आमचं ऑफिस आहे, तिथे मी लिफ्टच्या सॉफ्टवेअरची तपासणी करतो. दारावर तिसरा मजला दिसत असेल तर लिफ्ट खरोखर तिसऱ्यावरच आहे ना, हे बघण्याचा मला पगार मिळतो. म्हणजे दिवसभर मी यंत्रांच्या खरेपणाचा हिशेब ठेवतो आणि संध्याकाळी घरी येतो. घरी आल्यावरची गोष्ट वेगळी.

मला भीड फार. समोरच्याचा चेहरा पडलेला मला बघवत नाही. इथे आल्यावर पहिली गाडी घेतली ती विकणाऱ्याच्या बायकोने चहा दिला म्हणून. त्या गाडीचं मागचं दार कधी उघडलंच नाही. आईला फोनवर ‘पुढच्या गणपतीला नक्की येतो’ असं मी इतकी वर्षं सांगत आलो, की शेवटी शेवटी तीच ‘हो हो, ये सवडीने’ म्हणून मला सांभाळून घ्यायची. ती गेली तेव्हा मी इथेच होतो. याबद्दल मी कधी कोणाशी बोललेलो नाही आणि इथेही याहून जास्त बोलवणार नाही. सांगायचं एवढंच, की शेजारीणबाईंशी मी जे केलं ते पहिल्यांदाच केलं असं नाही. सराव होता.

शेजारीणबाई एक्याऐंशीच्या. एकट्या. जन्मभर पियानो शिकवला, आता गुडघे कुरकुरतात म्हणून पेडल दाबताना तोंडाने ‘आऊ’ म्हणतात, तेही तालात. फेजोआ हे पेरूच्या दूरच्या नात्यातलं इथलं हिरवं फळ. एप्रिलमध्ये ज्याच्या अंगणात झाड असेल तो माणूस पिशव्या भरभरून शेजाऱ्यांच्या गळ्यात मारतो, आणि शेजाऱ्याला ‘आमच्याकडेही ढीगभर आहेत हो’ असं म्हणता येत नाही. मला तर नाहीच नाही. त्यामुळे दर शनिवारी कुंपणापाशी पिशवी घेणं आणि बाईंच्या पणजीबद्दल ऐकणं हा माझा कार्यक्रम ठरलेला होता.

ही पणजी ऑपेरेटात गायची. ऑपेरेटा म्हणजे आपल्या संगीत नाटकाची विलायतेतली मावसबहीण. थोडं बोलणं, थोडं गाणं, भरपूर गैरसमज आणि शेवटी लग्न. पणजी लंडनच्या एका पाववाल्याची मुलगी. कोरसमध्ये मागे उभी राहता राहता पुढे आली ती मुलांच्या भूमिकांमुळे. उंच होती, आवाज खर्जातला होता, आणि घट्ट विजार घालून रंगमंचावर यायची तिची तयारी होती. राजपुत्र, खलाशी, हुजऱ्या, जे म्हणाल ते. मग एका फिरत्या कंपनीबरोबर बोटीत बसून ती मेलबर्नला आणि तिथून न्यूझीलंडला आली.

आणि इथे तिला कोणी विचारलं नाही.

बाईंनी एक आल्बम केला होता, त्यात जुन्या वर्तमानपत्रांतली कात्रणं. मी ती सगळी वाचली आहेत. ऑकलंडच्या समीक्षकाला तिच्या विजारीची शिलाई आवडली होती. डनेडिनच्या समीक्षकाने पियानो सुरात असल्याचं नोंदवून पुढचं वाक्य हवामानावर लिहिलं होतं. क्राइस्टचर्चचा त्यातल्या त्यात दयाळू. त्याचं म्हणणं असं, की मध्यंतराआधीच लोक उठून गेले याचा सगळा दोष गायिकेचा नाही, हॉलही गार होता.

त्यानंतर आल्बमची दोन पानं कोरी. कंपनी ‘पूर्वेकडे’ जाणार असल्याची एक ओळ, आणि मग दोनेक वर्षं काहीच नाही. पुढच्या पानावर पणजी एकटीच ऑकलंडला उतरलेली आणि पुकेकोहेच्या एका बटाटेवाल्या शेतकऱ्याशी लग्न करून मोकळी झालेली. त्यानंतर ती फक्त चर्चमध्ये गायली, आणि बटाटे काढताना.

त्या शनिवारी बाईंनी पिशवी माझ्या हातात दिली आणि सोडली नाही. पिशवीचा एक बंद त्यांच्या हातात, एक माझ्या. (आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालतं, मला ते आठवतं मराठीत.)

“तू पूनाचा ना? कंपनी हिंदुस्थानात गेली असेल, तर पूनाला गेली असेल का रे?”

“असेल की,” मी म्हणालो. “लष्कर होतं, साहेब लोक होते. जात असतील कंपन्या.”

इथपर्यंत मी एक सज्जन माणूस होतो.

“आणि तिथे,” बाई म्हणाल्या, “तिथे ती कुणाला आवडली असेल का?”

चष्मा दोरीने गळ्यात लटकत होता. तो न लावता त्या माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे मी त्यांना नीट दिसतही नसणार. साठ वर्षं ही बाई कात्रणं जमवत होती ती एवढ्याचसाठी, हे मला तेव्हा कळलं. पणजी मोठी होती की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. कुठेतरी, कुणालातरी ती आवडली होती का, एवढंच त्यांना हवं होतं.

मी म्हणालो, “आवडली होती.”

बाईंनी पिशवी सोडली.

पुढच्या आठवड्यात चहाला बोलावणं आलं. चीज स्कोन होते, गरम. तुला कसं ठाऊक, असं बाईंनी विचारलं. माझ्या पणजोबांनी पाहिलं होतं, मी म्हणालो. माझे खरे पणजोबा साताऱ्याला कंपाउंडर होते आणि नाटक पाहिल्याने डोळे जातात अशी त्यांची समजूत होती. पण स्कोनवर लोणी वितळत होतं आणि बाईंनी पेन उघडलं होतं. मग मी त्यांना वन्स मोअर सांगितला. पद आवडलं की आमच्याकडे लोक टाळ्यांवर थांबत नाहीत, वन्स मोअर म्हणून ओरडतात, आणि नटाला तिथल्या तिथे पुन्हा गावं लागतं. मेलेलं पात्रसुद्धा उठून बसतं, गातं, आणि परत मरतं. हे सगळं खरं आहे. पुढचं नाही. मी म्हणालो, तुमच्या पणजीला वन्स मोअर मिळाले. खलाशाच्या गाण्याला. खिडकीखाली उभं राहून प्रेयसीला हाक मारायचं ते गाणं बाईंच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं जायचं.

तिसऱ्या चहाला मी आमच्या संगीत नाटकातला एक नट आणला. त्या काळात आपल्याकडे बायकांच्या भूमिका पुरुष करायचे, हेही खरं. तर असा एक स्त्रीपार्टी नट खेळ संपल्यावर आत गेला आणि त्याने पणजीला आपली नऊवारी भेट दिली. पुरुषाच्या वेशातली बाई आणि बाईच्या वेशातला पुरुष, दोघं विंगेत समोरासमोर, दोघांनाही दुसऱ्याची भाषा येत नाही. सांगता सांगता माझेच डोळे पाणावले. बाईंनी लिहिणं थांबवून रुमाल शोधला.

असा मी माणूस आहे.

बायकोला हे कळलं ते आठवड्याभरात. ती बाईंना कोथिंबीर द्यायला गेली आणि परत आली ती चपला न काढताच.

“तुझे पणजोबा कंपाउंडर होते ना साताऱ्याला?”

“हो.”

“मग ते पुण्याच्या कॅम्पात ऑपेऱ्याला कधी गेले? पुड्या बांधून झाल्यावर?”

मी तिच्या चपलांकडे बघत राहिलो. गप्प बसणं मला जमतं.

“आत्ताच्या आत्ता जा आणि सांग. म्हातारी बाई आहे ती. लाज वाटू दे.”

मी गेलो. अर्ध्या तासाने परत आलो तेव्हा माझ्या हातात लिंबाच्या मुरांब्याची बरणी होती.

“सांगितलंस?”

“त्यांना ती साडी सापडल्ये,” मी म्हणालो.

 बाईंनी माळ्यावरची ट्रंक उघडली होती आणि तळाशी त्यांना एक पिवळट रेशमी कापड मिळालं होतं, कडेला गोंडे असलेलं. बायकोला मुद्दाम बोलावून दाखवलं. बायको पुण्याच्या लक्ष्मी रोडवर वाढलेली, कापड तिला डोळे मिटून कळतं. तिने गोंडे हातात घेतले, माझ्याकडे एक नजर टाकली आणि बाईंना म्हणाली, “लव्हली.” बाहेर आल्यावर म्हणाली, “पियानोवर टाकायचं कव्हर आहे ते. तुझ्यामुळे मीही खोटं बोलले. आता दोघं जाऊ नरकात, सोबत होईल.”

मुलगी युनिव्हर्सिटीत शिकते. मराठी तिला सगळं समजतं आणि उत्तर ती इंग्रजीत देते. फ्रिज उघडून उभी होती. “बाबा, यू इन्व्हेंटेड अ होल ड्रॅग क्वीन,” ती म्हणाली. “ऑनेस्टली, रिस्पेक्ट.”

खरी अडचण दिवाळीत झाली. बायकोने बाईंना महाराष्ट्र मंडळाच्या फराळाला नेलं आणि बाईंनी चकली हातात धरून सगळी हकीकत आमच्या अध्यक्षांना सांगितली. अध्यक्ष हे इंजिनिअर आहेत, पूल बांधतात, आणि भाषणात सांस्कृतिक सेतू हा शब्द आल्याशिवाय त्यांना खाली बसवत नाही. आजवर त्यांच्याकडे सेतू होता, पण पलीकडचा काठ नव्हता. तो आता चकली खात समोर बसला होता.

“अरे, बोलला नाहीस कधी!” ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले. “पुण्यात गायलेली बाई इथे पुकेकोहेत पुरलेली, आणि तू गप्प?”

“मी जरा कमीच बोलतो,” मी म्हणालो.

ठरलं असं, की मे महिन्यात एका रविवारी दुपारी, आमच्या भागातल्या इतिहास मंडळाच्या हॉलमध्ये, बाई पणजीच्या आयुष्यावर बोलतील आणि ते गाणं स्वतः म्हणतील. नंतर त्या घर विकून निवृत्तांच्या वसाहतीत राहायला जाणार होत्या. आल्बम इतिहास मंडळाकडे कायमचा जाणार होता. म्हणजे त्या दुपारी जे बोललं जाईल तेच पणजीचं चरित्र. आणि शेवटी आमचे अध्यक्ष पुणेकरांच्या वतीने बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार होते.

मार्चमध्ये माझे सासरे आले, पुण्याचा उन्हाळा टाळायला. सासऱ्यांनी अर्ध्या चड्डीत असल्यापासून संगीत नाटकं पाहिली आहेत. त्यांचं मत कुठल्याही गोष्टीबद्दल तयार असतं, आणि ते मागावं लागत नाही. आमच्या नव्या सोफ्यावर बसून उठले आणि म्हणाले, “फसवलं तुम्हाला.” वन्स मोअरच्या बाबतीत तर फारच कडक. उगाच ओरडणाऱ्यांना ते नाटकाचे मारेकरी म्हणतात. “दाद म्हणजे दक्षिणा नव्हे,” हे त्यांचं आवडतं वाक्य.

बायकोने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला समोर बसवलं.

“कुठल्या थिएटरात गायली?”

“तसं नाव नाही सांगितलं मी.”

“दिवे कसले होते?”

“गॅसचे.”

“त्या काळात? पुण्यात?” सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. “जावईबापू, खोटं बोलायचं तर अभ्यास करून बोलावं. पुण्याच्या नावावर थाप मारलीत, तीही ढिसाळ.”

त्यानंतरचे दोन महिने मी रोज सांगणार होतो. एकदा कुंपणापर्यंत गेलो तर बाई म्हणाल्या, आज किती छान झोप लागली. झोप लागलेल्या माणसाला कसं सांगणार? एकदा त्यांना सर्दी होती. एकदा इतिहास मंडळाचे अध्यक्ष तिथे बसले होते, निवृत्त शिक्षक, कानावर पेन्सिल, कोणी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं तरी आधार विचारणारे. पूनाचा संदर्भ काय, असं ते बाईंना विचारत होते आणि बाई म्हणत होत्या, “माझा संदर्भ शेजारी राहतो.” मी कुंपणाआड खाली बसलो आणि गवत उपटल्यासारखं केलं. ते गवत नव्हतं, बायकोची मेथी होती.

शेवटी मी कार्यक्रमाच्याच दिवशी सकाळी गेलो. त्याला धैर्य म्हणता येणार नाही. त्या पेन्सिलवाल्या मास्तरांनी भर सभेत विचारलं, तर बाईंचं काय होईल, हे चित्र मला रात्रभर दिसत राहिलं होतं. इतकं, की बाईंचा पडलेला चेहरा परवडला असं वाटलं.

बाई खलाशाची पांढरी विजार इस्त्री करत होत्या. दुपारी त्या स्वतःच खलाशी होणार होत्या. मी शंकरपाळ्यांची बशी टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्या म्हणालो, “पुण्याचं सगळं मी बनवलं. पणजोबांनी काही पाहिलं नव्हतं. मला काहीच माहीत नाही. माफ करा.”

इस्त्री विजारीवर पुढे गेली, मागे आली.

“कार्यक्रमपत्रिका छापून झाल्यात,” बाई म्हणाल्या.

“हो.”

“ती साडी?”

“पियानोचं कव्हर असावं.”

“हं. मला वाटलंच, इतके गोंडे कशाला.” त्यांनी विजार उलटी केली. “आणि तो साडीतला नट? तोही नाही?”

“तसे नट होते. खूप होते. त्यांच्यातला कोणी तुमच्या पणजीला भेटला नाही, इतकंच.”

“वाईट झालं,” बाई म्हणाल्या. “तिच्याशी चांगलं वागलेला तेवढा एकच होता.”

मला वाटलं आता त्या ओरडतील. मला ते हवं होतं. त्यांनी इस्त्री उभी केली, बटण बंद केलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “म्हणजे ती कुणालाच आवडली नाही.”

“तसं मी नाही म्हटलं.”

“तू काय म्हणतोस त्याला आता काय अर्थ आहे?” त्या शांतपणे म्हणाल्या. “जा. मला कपडे बदलायचे आहेत.”

दुपारी हॉल भरला. अर्धा इतिहास मंडळाच्या लोकांनी, ते लोकरीचे स्वेटर घालून मागच्या रांगांत. अर्धा आमच्या लोकांनी, ते पैठण्या नेसून पुढच्या रांगांत. इथल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकाने काहीतरी करून आणलं होतं, त्यामुळे मागच्या टेबलावर पाव्हलोव्हा नावाचा इथला मेरिंगचा केक आणि साबुदाणा वडे शेजारी शेजारी होते. मास्तरांनी ‘किया ओरा’ म्हणून स्वागत केलं आणि पेन्सिल कानावरून काढली. आमचे अध्यक्ष मांडीवर शाल, शालीवर नारळ घेऊन बसले होते. बाई काय करणार हे मला ठाऊक नव्हतं. बायकोने माझं मनगट धरलं होतं, प्रेमाने नव्हे. मी पळू नये म्हणून.

बाई खलाशाच्या वेशात आल्या. पांढरी विजार, निळी कॉलर, हातात काठी. त्यांनी पाववाल्यापासून सुरुवात केली, बोट आली, विजारीची शिलाई आली. लोक हसत होते. डनेडिनचा पियानो आला. मग त्या थांबल्या.

“आता पत्रिकेत पूना आहे,” त्या म्हणाल्या. “ते कृपया खोडा. मला कोणीतरी माझ्या आवडीचं सांगितलं आणि मी ते तपासलं नाही. कारण मला ते तपासायचं नव्हतं. या दोन वर्षांत माझी पणजी कुठे होती, मला माहीत नाही.”

कोणी सांगितलं ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती; पुढच्या तीन रांगा पैठण्यांसकट माझ्याकडे वळल्या. मास्तरांनी समाधानाने एक रेघ मारली. अध्यक्ष नारळाकडे बघत होते.

“तर आता ते गाणं,” बाई म्हणाल्या, “जे माझ्या माहितीप्रमाणे आजवर कुणीही दुसऱ्यांदा ऐकायला मागितलेलं नाही.”

त्या पियानोशी बसल्या आणि गायल्या. आवाज म्हातारा, कडेला फाटलेला. पहिलं कडवं कसंबसं गेलं. दुसऱ्या कडव्यात खलाशी हाक मारतो तिथे त्या वर गेल्या आणि थांबल्या. थांबल्याच. हात पियानोवर तसेच. मला वाटलं त्या विसरल्या, किंवा सकाळचं आठवून त्यांना पुढे गाता येत नाहीये, आणि हे माझ्यामुळे झालं. मग त्या अलगद खाली उतरल्या, गुडघ्याचं ‘आऊ’ झालं, गाणं संपलं.

टाळ्या पडल्या. इथल्या टाळ्या, नीट, सारख्या, थोड्या वेळात आटोपणाऱ्या. त्या संपत आल्या तेव्हा माझ्या डाव्या बाजूने आवाज आला.

“वन्स मोअर!”

सासरे. उभे राहिलेले, एक हात वर.

हॉलमध्ये कोणालाच काय करायचं ते कळेना. स्वेटरवाल्यांना वाटलं म्हातारबुवांना काहीतरी होतंय. एक बाई पाणी घेऊन धावली. “बाबा, खाली बसा ना,” बायको कुजबुजली.

“सॉरी?” बाई म्हणाल्या.

“वन्स मोअर, मॅडम,” सासरे म्हणाले. “द सेम साँग.”

मग पैठण्यांना कंठ फुटला. आमची माणसं, एकाने सुरुवात करायचा अवकाश. मागून माझ्या मुलीने शिट्टी वाजवली. बाईंनी चष्मा लावला, हॉलभर पाहिलं आणि परत गायल्या. या वेळी त्या ‘हाके’पाशी घाईने चढल्या, आणि आवाज तिथेच सटकला. तरी टाळ्या मघापेक्षा जोरात. पैठण्या पुन्हा वन्स मोअर ओरडणार होत्या, पण सगळ्यांनी आधी सासऱ्यांकडे पाहिलं, आणि सासरे हाताची घडी घालून बसले होते.

सत्कार झाला. आणलेला नारळ परत नेणं बरं दिसत नाही. अध्यक्षांनी लिहून आणलेलं भाषण खिशात ठेवलं, दोनदा घसा खाकरला आणि म्हणाले, की पुण्याशी अजिबात संबंध नसताना या गायिकेने आपल्या सर्वांना एकत्र आणलं, आणि संबंध नसताना जो बांधला जातो तोच खरा सेतू. मास्तरांनी याला आधार विचारला नाही.

नंतर मी हॉलच्या स्वयंपाकघरात कप विसळत होतो. तिथे कोणी माझ्याशी बोलणार नव्हतं म्हणून. बाई आत आल्या. खलाशाच्या कॉलरवर शाल, काखेत नारळ.

“त्यांना तू सांगितलं होतंस ओरडायला?”

“नाही.”

“खरं?”

“अगदी खरं. मी तर घाबरलो होतो.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नाही, लिफ्टच्या दाराशी मी उभा राहतो तसं.

“अडचण अशी आहे,” त्या म्हणाल्या, “की सांगितलं असतंस तरी तू हेच म्हणाला असतास.”

 वर्षभरात मी त्यांना सांगितलेली ही पहिली चांगली बातमी जी खरी होती, आणि माझ्या तोंडून आल्यामुळे ती त्यांच्या काही कामाची नव्हती. त्या वळून बाहेर गेल्या. मी हात पुसत मागे गेलो.

सासरे खुर्चीत बसून पाव्हलोव्हाचा एक घास चमच्यावर धरून तपासत होते. बाई त्यांच्यापुढे काठी टेकून उभ्या राहिल्या आणि सरळ विचारलं, “तुम्ही दयेने ओरडलात का?”

सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला. “मॅडम, दया करायची तर मी घरी बसून करतो. दुसऱ्या कडव्यात तुम्ही वर जाऊन थांबलात. तो थांबा मला परत हवा होता. दुसऱ्या खेपेला तुम्ही घाई केलीत. सूर पडला.”

“बाबा!” बायको म्हणाली.

“पडला,” सासरे म्हणाले. “म्हणून तिसऱ्यांदा मागितलं नाही.”

“पडलाच,” बाई म्हणाल्या. “मलाही ऐकू आलं.” आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसा माझ्या एकाही चहाला, एकाही स्कोनला, त्या नऊवारीलासुद्धा झाला नव्हता. त्या हळूहळू शेजारच्या खुर्चीत बसल्या. “तो थांबा माझा नाही. कागदावरही नाही. माझ्या आजीने मला तसाच म्हणायला लावला. तिला तिच्या आईने.”

“आईने म्हणजे, त्या विजारवाल्या बाईंनी?”

“हो.”

सासऱ्यांनी चमचा पुन्हा उचलला. “मग त्या चांगल्या गात असणार,” ते म्हणाले. “ते वर्तमानपत्रवाले गाढव होते.”

बाई नारळ मांडीवर घेऊन त्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “पहिल्या कडव्यात काय चुकलं?”

इथे आल्यापासून सासऱ्यांना असं कोणी विचारलं नव्हतं. ते खुर्ची ओढून बाईंच्या समोर आले, आणि मी परत कप विसळायला गेलो.